मदत हवी आहे: आईला घेऊन एका दिवसात हंपी, गाईड कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईला हंपीला न्यायचं चाललंय. आम्ही ऐरोलीला राहतो, आई ७२ वर्षांची, भजनी मंडळात आहे आणि आषाढी वारी कितीतरी वर्षं केलीय, पण आता गुडघे बोलायला लागलेत. ठाणे स्टेशनचा पूल दोनदा थांबून चढते, त्यावरून अंदाज घ्या. तिला राजवाडे, हत्तीशाळा वगैरेत काही फार रस नाही, तिला एकच बघायचंय, ते विठ्ठल मंदिर. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे ना, की कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज जाऊन परत घेऊन आले. तर "तो जिथे राहिला ती जागा मला बघायचीय" एवढंच तिचं म्हणणं.

सुट्टी कमी असल्याने प्रत्यक्ष फिरायला एकच दिवस मिळतोय. रात्री कल्याणला गाडीत बसून दुसऱ्या दिवशी होसपेटला उतरायचं, त्या दिवशी आराम, मग पुढचा पूर्ण दिवस हंपी आणि नंतर परत, असं डोक्यात आहे. प्रश्न असे की गाईड घ्यावाच का, घेतला तर मराठी नाही तर निदान हिंदी बोलणारा मिळतो का, आणि बसची टूर घ्यावी की स्वतंत्र गाडी? बसचं विचारतोय पण खरं सांगू का, मन होत नाहीये. मागच्या वर्षी एका ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर म्हैसूरला गेलो होतो, राजवाड्याला पाऊण तास आणि सिल्कच्या दुकानात अडीच तास, आई बाहेर पायरीवर बसून हरिपाठ म्हणत होती. तसं परत नकोय.

आणि अजून एक, हसू नका, तिने तुळस न्यायचं ठरवलंय. तिथे वाहता येते का?

खारेगावचा खादाड: बस घेऊच नका. होसपेटपासून हंपी १३ किमीच आहे, दिवसभराची रिक्षा किंवा गाडी ठरवा. ठरवताना नुसतं "हंपी दाखव" म्हणू नका, ठिकाणांची नावं घेऊन ठरवा, नाहीतर दुपारनंतर "वो तो पॉइंट में नहीं आता" सुरू होतं. जेवायला जोळद रोटी मागा, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, आईंना परकं वाटणार नाही.

सीवूड्स_उत्तरकर्नाटक: माझं माहेर कोप्पळ, म्हणजे अगदी शेजारी, म्हणून जरा लांबड लावते. गाईड घ्याच हो, कारण तिथे पाट्या आहेत पण ओसाड माळावर पाटी वाचून काही कळत नाही, नुसते दगड आणि दगड. १३३६ ला सुरू झालेलं विजयनगरचं राज्य, हंपी म्हणजे त्याची २०० वर्षांहून जास्त काळ राजधानी, पोर्तुगीज प्रवासी पेश १५२० च्या सुमाराला आला तेव्हा शहर रोमएवढं वाटलं म्हणून लिहून गेलाय, आणि १५६५ ला तालिकोटच्या लढाईनंतर सगळं लुटून जाळून संपलं. हे कोणीतरी समोर उभं राहून सांगितलं तरच त्या बाजारपेठेच्या दगडी खांबांना अर्थ येतो. कर्नाटक पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या. मराठी बोलणारा मिळायची आशा धरू नका, हिंदीवाला मिळतो, पण तो पाठ केलेली कॅसेट लावतो की खरंच बोलतो ते पाच मिनिटं गप्पा मारून बघा.

आता क्रम. बहुतेक जण विरूपाक्षापासून, म्हणजे तिथल्या शंकराच्या मोठ्या देवळापासून सुरू करतात आणि विठ्ठल मंदिर दुपारी येतं. तुम्ही उलटं करा, सकाळी उघडल्या उघडल्या विठ्ठल मंदिर. डिसेंबरातसुद्धा अकरानंतर ते खडक तापतात, सावली नावाला नाही, आणि पार्किंगपासून मंदिरापर्यंत जवळजवळ १ किमी बॅटरीच्या गाडीने जावं लागतं, तिला नंतर रांग लागते. विरूपाक्षापासून नदीकाठाने चालत २ किमी आहे, गाईड म्हणेल "बहुत सुंदर रास्ता है", आहेच सुंदर, पण दगड आणि पायऱ्या आहेत, आईंना नको. रस्त्याने वळसा पडतो, पडू दे. तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमळ महाल, हत्तीशाळा आणि कमलापूरच्या म्युझियमला तेच चालतं. म्युझियम शुक्रवारी बंद, वार बघून जा.

ऐरोलीकर (धागाकर्ता): ताई, खूप खूप आभार, हे उलटं करायचं डोक्यात आलंच नसतं. शनिवार-रविवार टाळून मंगळवार धरतोय. आई विचारतेय गाभाऱ्यात मूर्ती आहे का.

सीवूड्स_उत्तरकर्नाटक: नाही. रिकामा आहे. ते आधीच सांगून ठेवा त्यांना.

पाचपाखाडी_वाचक: जरा थंड पाणी ओततो, राग मानू नका. भानुदासांची कथा संतचरित्रांतून आलीय, पण त्या मंदिराच्या शिलालेखांत पंढरपूरची मूर्ती आणल्याचं काही नाही. मंदिर कृष्णदेवरायाच्या आधीपासूनचं आहे, १५१३ ला त्याच्या राण्यांनी गोपुरं बांधली, आणि त्याच्यानंतरही १५५४ ला तिथे नवीन मंडप उभा राहिला. म्हणजे देव निघून गेला आणि मंदिर ओस पडलं असं झालेलं नाही, पूजा-उत्सव चालूच होते. गाभारा रिकामा आहे तो १५६५ नंतरच्या विध्वंसाने, असं मला वाटतं.

कळव्याची कृष्णाबाई: वाचकराव, पण त्याच कृष्णदेवरायाने उदयगिरी जिंकल्यावर तिथला बाळकृष्ण उचलून हंपीला आणला आणि त्याच्यासाठी अख्खं देऊळ बांधलं, ते तर शिलालेखात आहे ना? ती मूर्ती आता चेन्नईच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे राजाला देव आणायची सवय होती एवढं तरी कबूल करा 🙂 ते कृष्णमंदिर विरूपाक्षाकडे जाताना रस्त्यालाच लागतं, तिथला गाभाराही रिकामा. आईंना तेही दाखवा.

पाचपाखाडी_वाचक: सवय कबूल. पंढरपूरचा पुरावा नाही एवढंच म्हणणं आहे. आणि ज्ञानोबांनीच विठ्ठलाला कानडा म्हटलंय, म्हणजे त्या मुलखात त्याचं देऊळ असायला पंढरपूरहून काही न्यायची गरजच काय? बाकी आईंसमोर मी तोंड उघडणार नाही.

खारेगावचा खादाड: दोघेही वेगळा धागा काढा हो, इथे गुडघ्यांचं बघू या.

घणसोली_गुडघेदुखी: गुडघ्यांचा अनुभव माझा, दोन वर्षांपूर्वीचा. विठ्ठल मंदिराचं आवार सपाट आहे, तिथे प्रश्न नाही, फक्त मंडपांच्या पायऱ्या उंच आहेत, हाताला धरा. तो दगडी रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ, ५० च्या नोटेवर आहे तोच, आईंना नोट काढून दाखवा, माझ्या सासूबाईंना त्याचंच जास्त कौतुक वाटलं. वाजणारे खांब आता वाजवू देत नाहीत, आणि आत कुठवर सोडतात ते त्या त्या दिवसावर. दुपारनंतर कमळ महाल, हत्तीशाळा हे सगळं एका आवारात येतं, चालणं आहे पण चढ नाही. महानवमी डिब्ब्यावर, म्हणजे तिथल्या उंच दगडी चौथऱ्यावर, आईंना चढवू नका, खाली बसवून तुम्ही चढून या. हजारराम मंदिर मात्र चुकवू नका, भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय, भजनी मंडळातल्या बाईला गाईड लागणारच नाही, त्याच गाईडला सांगतील. उग्र नरसिंह तर गाडीतून उतरलं की समोर, एका दगडातला, पावणेसात मीटर उंच. संध्याकाळी सगळे हेमकूट टेकडीवर सूर्यास्ताला नेतात. तो उघडा खडक उतरताना माझी फजिती झाली होती. तुम्ही त्या वेळी विरूपाक्षात जा, तिथे पूजा चालू असलेला जिवंत देव आहे. दिवसभर रिकामे गाभारे बघून झाल्यावर घंटा ऐकली की बरं वाटतं.

आणि तुळशीचं. विठ्ठल मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे पूजा होत नाही. रखवालदाराशी वाद घालू नका.

ऐरोलीकर (धागाकर्ता): सगळं आईला वाचून दाखवलं, वाचकरावांचंही. रिकामा गाभारा म्हटल्यावर मला वाटलं हिरमुसेल, तर म्हणाली, "मग बरोबर आहे की, तो आपल्याकडे आलाय ना." वाचकराव, तुमच्या शिलालेखांवर तिचं म्हणणं की महाराज काय राजाला विचारून शिलालेख कोरून मूर्ती आणणार होते का. मी मध्ये पडलो नाही.

तुळशीवरून मात्र नवीनच निघालंय. गाडी गदग, विजापूरवरून सोलापूरला येते ना, तर तिथेच उतरायचं आणि पंढरपूरला जायचं. "तिथे बघते, इथे वाहते." म्हणजे माझी अजून एक रजा गेली. सोलापूर ते पंढरपूर ७०-७५ किमी आहे, त्यासाठी गाडी करावी की एसटी बरी? आणि होसपेटहून घेतलेली तुळस तोवर टिकेल का?

कळव्याची कृष्णाबाई: एसटी मिळतात, सोलापूर स्टेशनवरून स्टँडपर्यंत रिक्षा करा. तुळस ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, काळी पडते.