५.७ लिटर व्ही-८ ट्रक इंजिनावर आफ्टरमार्केट इनटेक मॅनिफोल्ड बसवताना गळती कशी टाळावी?

मालवाहू_८ :
नमस्कार. माझ्या पिकअप ट्रकमध्ये शेव्हरोलेचे ३५० घनइंची (५.७ लिटर) व्ही-८ इंजिन आहे. त्यावरचा मूळ बिडाचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) काढून तेथे बाहेरच्या कंपनीचा (आफ्टरमार्केट) ॲल्युमिनियमचा ड्युअल-प्लेन, म्हणजे हवेच्या वाटा दोन पातळ्यांत विभागलेला, मॅनिफोल्ड बसवायचा आहे. ट्रक ओझे ओढतो, म्हणून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जोर देणारा ड्युअल-प्लेनच निवडला. गॅस्केटसह (सांधा गळू न देणाऱ्या पातळ थरासह) तो एकदा नुसता ठेवून पाहिला, तेव्हा एका बाजूच्या बोल्टच्या छिद्रांत वरच्या अंगाला बारीक चंद्रकोरीएवढा फरक दिसला. छिद्रे थोडी मोठी करून घ्यावीत का? तसेच गॅस्केटच्या संचात पुढच्या-मागच्या कडांसाठी रबरी पट्ट्या आल्या आहेत, त्या वापराव्यात का?

फीलर_गेज :
छिद्रे कृपया मोठी करू नका. बोल्ट आत जाईल, पण हवेची वाट मॅनिफोल्डमध्ये एका उंचीवर आणि हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) दुसऱ्या उंचीवर राहील आणि गॅस्केटची कड जेमतेम दाबली जाईल. तुमच्या हेडचा पृष्ठभाग पूर्वी कधी तासून घेतला असावा, अशी मला दाट शंका आहे. हेड तासले की दोन्ही हेड आतल्या बाजूला सरकतात आणि त्यांच्यामध्ये पाचरीसारखा बसणारा मॅनिफोल्ड वर उचलला जातो. जाड गॅस्केटनेही हेच होते. म्हणून आधी पातळ गॅस्केट लावून पाहा, आणि तरीही छिद्रे जुळली नाहीत तर मॅनिफोल्डच्या बाजू मशीन शॉपमध्ये तासून घ्या.

त्याआधी मॅनिफोल्डचे बोल्ट मोजा. जुन्या हेडना बारा बोल्ट असतात, तर १९९६ पासूनच्या ‘व्होर्टेक’ नावाच्या हेडना आठच, आणि एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्यावर बसत नाही. घट्ट करण्याचा आकडाही निराळा आहे: बारा बोल्टच्या ॲल्युमिनियम मॅनिफोल्डला साधारण ३४ ते ४० न्यूटन-मीटर, व्होर्टेकला फक्त १५. मॅनिफोल्डसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

सिलिकॉन_रेघ :
रबरी पट्ट्या मी कधीच वापरत नाही. मॅनिफोल्ड दाबला जाताना त्या बाहेर सरकतात आणि काही दिवसांत मागच्या कडेवरून तेल गिअरबॉक्सच्या अंगाने ओघळू लागते. त्याऐवजी ब्लॉकची (इंजिनाच्या मुख्य धडाची) कड द्रावकाने पुसून, तेलाचा लवलेशही न ठेवता, तिच्यावर सुमारे ५ मिलिमीटर जाडीची सिलिकॉन सीलंटची अखंड रेघ ओढावी आणि चारही कोपऱ्यांत ती गॅस्केटवर थोडी चढवावी. मॅनिफोल्ड सरळ खाली उतरवावा. एकदा टेकल्यावर तो इकडेतिकडे सरकवला, तर रेघ फाटते. म्हणून मी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत डोके कापलेले लांब बोल्ट वाटाड्यासारखे उभे करतो. ज्या बोल्टची छिद्रे आत टॅपेटच्या खोबणीत (मॅनिफोल्डखालच्या, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट असलेल्या पोकळीत) उघडतात, त्यांच्या आट्यांनाही सीलंट लावावे, नाहीतर आट्यांतून तेल झिरपते.

डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा, मॅनिफोल्डमधून खाली जाणारा भाग) काढण्यापूर्वी त्यातल्या फिरत्या रोटरची दिशा आणि डिस्ट्रिब्युटरच्या धडाची स्थिती खुणेने नोंदवून ठेवा. त्याच्या गिअरचे दाते तिरके असल्याने उचलताना रोटर थोडा फिरतो, तेव्हा त्या दुसऱ्या जागेचीही खूण करावी. तो परत बसेपर्यंत क्रँकशाफ्ट हलवू नये.

निळा_धूर :
वरच्या दोघांनी सांगितले त्यात स्वतःच्या अनुभवाची एक भर घालतो. मी मॅनिफोल्ड बसवल्यावर बाहेरून कोठेही गळती नव्हती, आयडलही (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) स्थिर होता, पण इंजिन तेल पिऊ लागले आणि निळा धूर येऊ लागला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असे धरून मी इंजिन उघडण्याच्या बेतात होतो. उघडण्याआधी पीसीव्ही नळी (इंजिनाच्या पोटातले वायू मॅनिफोल्डकडे नेणारी) बंद केली आणि इंजिन आयडलवर ठेवून तेल भरण्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा धरला. तो फुगायला हवा होता, उलट आत ओढला गेला, म्हणजे मॅनिफोल्ड खालच्या खोबणीतूनच हवा आणि तेल शोषत होता. मॅनिफोल्ड काढल्यावर गॅस्केटच्या खालच्या कडेला, थेट एका पोर्टपर्यंत (हवेच्या वाटेपर्यंत), तेलाचा काळपट ओघळ दिसला. गळती खोबणीच्या बाजूला असल्याने बाहेरून सांध्यावर फवारा मारून आयडल बदलतो का हे पाहण्याच्या नेहमीच्या रीतीने ती कधीच सापडली नसती. चूक माझीच होती: एका टोकाकडून सुरुवात करून प्रत्येक बोल्ट पहिल्याच फेरीत पूर्ण आवळला होता. मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन्ही बाजूंना आलटूनपालटून, तीन टप्प्यांत आवळल्यावर तो दोष पुन्हा आला नाही.

मालवाहू_८ :
सर्वांचे मनापासून आभार. बोल्ट बाराच आहेत. पातळ गॅस्केट लावल्यावर छिद्रे जुळली आणि मॅनिफोल्ड आणि ब्लॉक यांमधली पुढची-मागची फटही फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) सारखीच भरली. जुना मॅनिफोल्ड उचलताना थोडे कूलंट खोबणीत सांडले, ते पुसून घेतले आहे. तेवढे पुरेल का?

फीलर_गेज :
पुरणार नाही. काही कूलंट खाली तेलाच्या टाकीत उतरलेलेच असते आणि बेअरिंगला ते घातक आहे. इंजिन चालू करण्याआधी तेल आणि फिल्टर बदला.