सोलापूरच्या उन्हात टिकतील अशा नावपट्ट्या: भाजीच्या वाफ्यांसाठी कशाच्या कराव्यात?

प्रश्न (परसबाग, जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. यंदाच्या खरिपात प्रत्येक भाजीचे दोन वाण शेजारी शेजारी लावून आपल्या उन्हात आणि बोअरच्या जड पाण्यावर कोणता चांगला येतो, हे नीट पाहायचे ठरवले आहे. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका, टोमॅटोत पुसा रुबी आणि अर्का रक्षक असा बेत आहे. मांडवावर दुधी व कारली असतीलच.

अडचण नावपट्ट्यांची आहे. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांच्या पट्ट्या कापून त्यांवर परमनंट मार्करने नावे लिहिली, तर हिवाळ्यात ठसठशीत दिसणारी अक्षरे उन्हाळा सरेपर्यंत पुसट होतात आणि पट्टीही हात लावताच तुटते. बांबूच्या कामट्या पावसाळ्यात मातीलगत कुजतात. वांगे आणि भेंडी यांत कोणाचाही गोंधळ होणार नाही. परंतु एकाच भाजीचे दोन वाण रोपावस्थेत डोळ्यांनी वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे, पट्टी गेली की सगळी तुलनाच वाया जाते. तयार पट्ट्या विकत घ्याव्यात की घरी कराव्यात? लिहावे कशाने, आणि पट्टीवर नेमके काय काय लिहावे?

उत्तर १ (अक्कलकोट रस्ता)

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पण अक्षरे उष्णतेने जात नाहीत, ती प्रकाशाने जातात. साध्या मार्करच्या शाईतला रंग पाण्याला दाद देत नाही, मात्र सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात आणि तो फिका पडतो. डब्याचे प्लास्टिक ठिसूळ होते तेही याच किरणांमुळे. शिसपेन्सिलीचे तसे नाही. तिच्यातले ग्राफाइट म्हणजे कार्बन, त्यावर उन्हाचा परिणाम होत नाही. म्हणून खरखरीत पट्टीवर मऊ, म्हणजे ४बी किंवा ६बी, पेन्सिलीने दाबून लिहिलेले नाव मार्करपेक्षा किती तरी अधिक टिकते. गुळगुळीत प्लास्टिक असेल, तर आधी पॉलिश पेपर फिरवावा.

माझे मत मात्र असे आहे की, वर्षभराहून अधिक टिकायला हवे असेल तर शाईवर अवलंबूनच राहू नये. अक्षर कोरलेले असावे. त्यासाठी छापखान्यातून रद्दीत निघणाऱ्या जुन्या ऑफसेट प्लेटइतके सोयीचे दुसरे काही मला सापडलेले नाही. ती पातळ अॅल्युमिनियमची असते, घरच्या कात्रीने कापली जाते आणि गंजून झडत नाही. दोन बोटे रुंद पट्टी कापावी, कोपरे गोल करावेत, खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने किंवा दाभणाच्या बोथट टोकाने दाबून लिहावे. अक्षरे पत्र्यात खोल उमटतात. धूळ बसली तरी तिरप्या उजेडात वाचता येतात. थंड पेयाच्या डब्याचा पत्राही चालतो, पण त्याच्या कडा फार धारदार असतात. घरात लहान मुले असतील तर चारही कडा दुमडल्याशिवाय तो बागेत नेऊ नये, हे आग्रहाने सांगतो.

पट्टी मातीत खुपसण्यापेक्षा वरच्या टोकाला भोक पाडून गॅल्व्हनाइज्ड तारेने आधाराच्या काठीला बांधावी. बांधकामाची साधी काळी तार गंजते. तार थेट रोपाच्या खोडाला कधीही गुंडाळू नये. खोड जाड होत जाते, तार त्यात रुतते आणि वरची फांदी सुकते.

प्लास्टिकच्या पट्ट्याच वापरायच्या असतील, तर दोन गोष्टी कराव्यात. नाव दोनदा लिहावे, एकदा वरच्या भागावर आणि एकदा मातीत जाणाऱ्या भागावर. वरचे उडाले तरी खालच्याला ऊन लागलेले नसते, त्यामुळे पट्टी उपसून वाचता येते. शिवाय लिहिलेली बाजू उत्तरेकडे करावी. सोलापूर साधारण १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले, तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच असतो.

उत्तर २ (मोहोळ तालुका)

पट्टी कशाची, याचे उत्तर वर चांगले आले आहे. पट्टीवर काय असावे, याबद्दल लिहितो, कारण मी घरचे बियाणे धरतो आणि त्या कामात नावपट्टीला फार महत्त्व आहे.

पट्टीवर ‘टोमॅटो’ असे लिहिण्याची गरज नाही, ते झाडच सांगते. वाणाचे नाव, पेरणीची तारीख आणि वाफ्याचा क्रमांक एवढे पुरे. बाकी सारे वहीत असावे: पुनर्लागवड कधी झाली, पहिला तोडा कधी झाला, रोग कोणता आला. बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. तो भाग कापून वहीतच चिकटवावा. उगवण कमी झाली तर दुकानदाराकडे याच मजकुराच्या आधारे विचारणा करता येते.

आपण निवडलेले दोन टोमॅटो एका बाबतीत अगदी वेगळे आहेत. पुसा रुबी हा सरळ वाण आहे, अर्का रक्षक संकरित आहे. संकरिताच्या फळातून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच झाड देत नाही, म्हणून पट्टीवर सरळ वाणासाठी ‘स’ किंवा संकरितासाठी ‘सं’ असे अक्षर कोरून ठेवावे. भेंडीत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीभवन होते. दोन वाण शेजारी असताना बी धरायचे असेल, तर उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधावी आणि त्याच देठाला खूण करावी. ही खूण झाडाची नसून एकेका फळाची असल्यामुळे तिथे पत्रा जड होतो. मी यंत्रमागाच्या कारखान्यातून टाकाऊ सूत आणतो. ते आपल्या सोलापुरात सहज मिळते. दोऱ्याचा रंग उन्हात उडेल, पण गाठी उडत नाहीत. एक गाठ म्हणजे परभणी क्रांती, दोन गाठी म्हणजे अर्का अनामिका, असे ठरवून वहीत लिहून ठेवावे आणि दोरा सैल बांधावा.

उत्तर ३ (विजापूर रस्ता)

आधीच्या उत्तरातील एका मुद्द्याशी मी सहमत नाही. भाजीचे नाव झाडच सांगते, हे मोठ्या झाडाबाबत खरे आहे, पण पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ते लागू होत नाही. मिरची आणि टोमॅटो यांची बीजपाने अननुभवी माणसाला सारखीच दिसतात. दुधी आणि भोपळा यांचेही तसेच. पाणी घालणारी, तण काढणारी व्यक्ती प्रत्येक वेळी आपणच असतो असेही नाही. घरातल्या सर्वांना वही न उघडता कळावे, यासाठी रोपांच्या ट्रेमध्ये भाजी व वाण अशी दोन्ही नावे असावीत. तिथे आईसक्रीमच्या लाकडी काड्या आणि पेन्सिल पुरेशी आहे. रोपे लावणीला येईपर्यंतचे चार-सहा आठवडे त्या निभावतात. पत्र्याची मेहनत वाफ्यासाठी राखून ठेवावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ऑफसेट प्लेटची चौकशी उद्याच करतो. आणखी एक विचारायचे आहे. वाफ्यांच्या कोपऱ्यांवर क्रमांकासाठी शहाबादी फरशीचे तुकडे रोवण्याचा विचार आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यांवर बसतीलच. ते व्हिनेगरने काढले तर चालेल का?

उत्तर १ (अक्कलकोट रस्ता)

कृपया तसे करू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि पाण्याचे पांढरे थरही मुख्यतः चुन्याचेच असतात. व्हिनेगर किंवा लिंबू थराबरोबर दगडही खाईल, आणि कोरलेला क्रमांक उथळ होत जाईल. ओल्या काथ्याने घासावे, न निघणारा डाग तसाच राहू द्यावा. क्रमांक छिन्नीने कोरून त्यात काळा ऑइलपेंट भरावा. रंग फिका पडला तरी कोरीव खाच राहते आणि पुन्हा रंग भरता येतो. तुकडा वीतभर तरी जमिनीत गाडावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे उथळ रोवलेले दगड कलंडतात.