चारही विंग ग्रुप: एस टू, कापलेले मार्क आणि इंटरकॉमची केबल

बी-३०४: नमस्कार सर्वांना. रविवारी सकाळी सकाळी लिहितेय पण कालपासून डोकं फिरलंय. मुलीचा मॅथ्स वनचा इंटर्नलचा पेपर हातात आला, आयगन व्हॅल्यूच्या (मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांच्या चौकटीवरून काढायचे खास आकडे) गणिताला ६ पैकी ३. उत्तर बरोबर, तिन्ही व्हॅल्यू बरोबर, तरी ३. लाल पेनाने लिहिलंय "शॉर्टकट, स्टेप्स कुठे". आता हा एस वन एस टू चा प्रकार (डिटरमिनंट न उलगडता थेट समीकरण लिहायचं) तिला आपल्या क्लब हाऊसच्या क्लासमध्येच शिकवलाय म्हणून इथेच विचारते. ए-२०१ च्या सरांबद्दल आदर आहेच, फुकट शिकवतात, पण मार्क जाणार असतील तर मुलांना आधी सांगायला नको का?

बी-६०४: स्टेप्स नाहीत तर मार्क नाहीत. सोपं आहे. आमच्या वेळी अर्धं पान डिटरमिनंट उलगडायला लागायचं.

डी-१०१: टँकर आला का?

सेक्रेटरी: टँकर ११ ला. कृपया एका वेळी एक विषय.

डी-१०१: पाणी हा कायमचा विषय आहे साहेब, तो मध्ये येत नाही, आपण बाकीचे मध्ये येतो

ए-५०३: वहिनी गणित तरी टाका इथे

बी-३०४: फोटो अंधुक आलाय, टाइप करते. मॅट्रिक्सची पहिली ओळ ८, -६, २. दुसरी -६, ७, -४. तिसरी २, -४, ३. तिने थेट लिहिलं एस वन (कर्णावरची बेरीज) १८, एस टू ४५, डिटरमिनंट शून्य, मग लॅम्डा क्यूब वजा १८ लॅम्डा स्क्वेअर अधिक ४५ लॅम्डा बरोबर शून्य, म्हणून ०, ३, १५. एवढंच.

ए-५०३: अरे हे गणित!! आम्हाला पण होतं, सगळ्या पुस्तकांत हेच असतं

बी-६०४: स्टेप्स नाहीत तर मार्क नाहीत.

ए-२०१ सर: ताई, नमस्कार. वाचलं. तिचं चुकलेलं काहीच नाही हे आधी सांगतो. मी मुलांना नुसतं सूत्र देऊन सोडत नाही, ते का येतं हे फळ्यावर केलंय, परत लिहितो म्हणजे सगळ्यांसमोर राहील. तीन आयगन व्हॅल्यू अ, ब, क धरा. कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमिअल म्हणजे (लॅम्डा − अ)(लॅम्डा − ब)(लॅम्डा − क). गुणाकार केला की लॅम्डा स्क्वेअरपुढे येतं वजा (अ+ब+क), लॅम्डापुढे येतं अब+बक+कअ, आणि शेवटी वजा अबक. अ, ब, क यांची कशीही अदलाबदल करा, या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा राहतात. हीच एलिमेंटरी सिमेट्रिक फंक्शन्स. आता तोच पॉलिनॉमिअल (लॅम्डा × आयडेंटिटी − ए) चा डिटरमिनंट उलगडून काढा, ए म्हणजे दिलेली मॅट्रिक्स. लॅम्डा फक्त कर्णावर बसलाय. लॅम्डाचा पहिला घात हवा असेल तर कर्णावरच्या एकाच जागेचा लॅम्डा उचलायचा, मग ती ओळ आणि तो स्तंभ गेला, उरला दोन बाय दोनचा मायनर, म्हणजे उरलेल्या चार आकड्यांचा डिटरमिनंट. कर्णावर जागा तीन, म्हणून मायनर तीन, त्यांची बेरीज म्हणजे एस टू. पॉलिनॉमिअल एकच आहे, दोन बाजूंनी लिहिला, तर कोएफिशंट वेगळे कसे येतील? मॅट्रिक्स कितीही मोठी घ्या, हेच चालतं: के-वं सिमेट्रिक फंक्शन म्हणजे के बाय के चे सगळे प्रिन्सिपल (मूळ कर्णावरच बसलेले) मायनर घेऊन केलेली बेरीज.

ए-२०१ सर: तिच्या गणितात बघा. मायनर २१−१६=५, २४−४=२०, ५६−३६=२०. बेरीज ४५. आणि उत्तरांच्या बाजूने ०×३, ०×१५, ३×१५, बेरीज ४५. जुळलं.

सी-७०२: सर मला हे वाचून एकदम बरं वाटलं. आम्ही स्ट्रक्चरलवाले हेच रोज वापरतो, फक्त नाव स्ट्रेस इन्व्हेरियंट, आय वन, आय टू, आय थ्री. कॉलममधल्या एका बिंदूवरचा स्ट्रेस टेन्सर (तिथल्या ताणाची तीन बाय तीनची मॅट्रिक्स) घ्या, तुम्ही अक्ष कसेही फिरवा, नऊच्या नऊ आकडे बदलतात पण हे तीन हलत नाहीत, कारण ते प्रिन्सिपल स्ट्रेसचे (म्हणजे तिच्या आयगन व्हॅल्यूंचे) सिमेट्रिक फंक्शन आहेत. आय टू म्हणजे शब्दशः एस टू. कर्णावरच्या दोन-दोन स्ट्रेसचे गुणाकार, त्यातून शिअरचे (कर्णाबाहेरच्या आकड्यांचे) वर्ग वजा.

डी-१०१: कॉलमचा विषय निघालाच आहे तर सी विंगच्या पार्किंगमधल्या कॉलमचं ऑडिट झालं होतं त्याचा रिपोर्ट कुठे आहे

बी-६०४: रिपोर्ट मी माझ्या काळात ऑफिसच्या कपाटात ठेवलेला आहे. नंतरच्यांनी काय केलं ते त्यांना विचारा.

सेक्रेटरी: काका, कपाटाची चावी आपण दिली तेव्हा कपाटात फक्त जुन्या पावत्या होत्या, हे मी मागेही नम्रपणे सांगितलं आहे.

बी-६०४: नम्रपणे नाही, मिनिट्समध्ये सांगितलंय तुम्ही.

बी-३०४: कृपया!! माझ्या मुलीच्या मार्कांचं बोलतोय आपण

ए-५०३: एक प्रामाणिक शंका सर, राग मानू नका. आम्ही कामात हे असं कधीच करत नाही. पायथनमध्ये नम्पायला (गणिताची लायब्ररी) मॅट्रिक्स दिली की आयगन व्हॅल्यू बाहेर, आत क्यूआरची पद्धत (मॅट्रिक्सचे परत परत दोन भाग पाडून उलटे गुणायचे) चालते, पॉलिनॉमिअल कोणी बनवतच नाही. उलट नम्पायला पॉलिनॉमिअलची मुळं मागितली तर तो कम्पॅनियन मॅट्रिक्स (त्याच कोएफिशंटची) बनवून तिच्या आयगन व्हॅल्यू काढतो. मग मुलांना हे कशाला

ए-२०१ सर: राग कशाला, अगदी बरोबर बोललास. मोठ्या मॅट्रिक्सच्या आयगन व्हॅल्यू या वाटेने काढूच नयेत. विल्किन्सनचं उदाहरण आहे, १ ते २० ही मुळं असलेला पॉलिनॉमिअल. त्याचं पहिलं सिमेट्रिक फंक्शन म्हणजे १ ते २० ची बेरीज, २१०. त्या −२१० मध्ये २ च्या −२३ व्या घाताएवढा फरक करायचा, म्हणजे साधारण १ चा ८४ लाखावा भाग. तेवढ्याने २० पैकी १० मुळं कॉम्प्लेक्स होतात. मुळांवरून सिमेट्रिक फंक्शन काढणं सुरक्षित आहे, फंक्शनवरून मुळांकडे परत येणं फार नाजूक.

डी-१०१: ८४ लाख योनी फिरून आलं गणित 🙏

ए-२०१ सर: पण म्हणून ही फंक्शन्स फक्त हाताने गणित करण्यापुरती आहेत असं नाही. ती मॅट्रिक्सच्या स्वभावाबद्दल सांगतात. तीन बाय तीनला तर याच्याइतकी स्वच्छ वाट नाही, आणि ताळा पण फुकट मिळतो. न्यूटनची आयडेंटिटी घ्या: एस टू ची दुप्पट = बेरजेचा वर्ग वजा वर्गांची बेरीज. आयगन व्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे ए स्क्वेअरचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज), आणि सिमेट्रिक मॅट्रिक्सला तो म्हणजे सगळ्या नऊ आकड्यांच्या वर्गांची बेरीज. कोणी करून बघतंय का?

बी-३०४: मी मुलगी बोलतेय आईच्या फोनवरून. ६४+४९+९ = १२२. बाहेरचे ३६, ४, १६ प्रत्येकी दोनदा = ११२. एकूण २३४. १८ चा वर्ग ३२४. ३२४−२३४ = ९०, अर्धे ४५. सर एकही मायनर न काढता आलं!!

ए-२०१ सर: शाब्बास. हेच पुढे नेऊन, ए, ए स्क्वेअर, ए क्यूब यांचे ट्रेस काढून सगळे कोएफिशंट मिळवायची पद्धत ल व्हेरिएने १८४० मध्ये दिली, तोच ज्याच्या गणितावरून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. न्यूटनने या आयडेंटिटी १७०७ च्या पुस्तकात दिल्या, पण त्यातली पहिली काही सूत्रं जिरार्डने १६२९ मध्येच लिहिली होती. जिरार्डचं नाव कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बी-६०४: सगळं छान. पण स्टेप्स नाहीत तर मार्क नाहीत.

सी-७०२: काका तुम्ही तोच मेसेज परत परत टाकताय

बी-६०४: कारण उत्तर कोणी देत नाही परत परत.

सेक्रेटरी: १२ च्या मीटिंगची आठवण. मुख्य विषय इंटरकॉमची केबल, चारही विंग जोडायच्या. व्हेंडरचं कोटेशन वर टाकलं आहे, कृपया आधी वाचून या.

डी-१०१: वाचलं. चार केबल लावल्यात. चार विंग जोडायला तीन पुरतात ना? तीन केबल टाकायचे प्रकार तरी किती असणार, पाच सहा

ए-२०१ सर: सोळा.

डी-१०१: सर??

ए-२०१ सर: हे पण सिमेट्रिक फंक्शनच आहे म्हणून सांगतो. चार बाय चारची मॅट्रिक्स करा, कर्णावर त्या विंगला किती विंग थेट जोडता येतात तो आकडा, इथे ३, आणि बाकी सगळीकडे −१. आयगन व्हॅल्यू ०, ४, ४, ४. तीन-तीनचे गुणाकार घेऊन बेरीज करा, शून्य असलेले गळले, उरले ६४. विंग ४, भागा, १६. किरखॉफने १८४७ मध्ये इलेक्ट्रिकल सर्किटचा विचार करताना हे काढलं. सगळ्या विंग जोडल्या जातील, कुठे गोल फिरून लूप होणार नाही, अशा तऱ्हा मोजण्याचा प्रश्न, आणि उत्तर मॅट्रिक्सच्या एका कोएफिशंटमध्ये बसलेलं. मला हे अजूनही थक्क करतं.

सी-७०२: पण ए आणि डी च्या मध्ये पाण्याची अंडरग्राउंड टाकी आहे, तिथून थेट लाइन जाणारच नाही

बी-३०४: मी करू का सर? मग ए आणि डी ला २, बी आणि सी ला ३, ए-डी च्या जागी शून्य. ए ची ओळ आणि स्तंभ काढून उरलेला मायनर (३, −१, −१), (−१, ३, −१), (−१, −१, २). १५−३−४ = ८. चारही मायनर सारखेच येतात असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणजे बेरीज ३२, भागिले ४, परत ८.

ए-२०१ सर: ८. बरोबर.

डी-१०१: सेक्रेटरी साहेब कोटेशनमध्ये चौथी लाइन ए-डी लावली आहे!! टाकीच्या वरून खोदणार का ते?

सेक्रेटरी: बघतो. हे खरंच लक्षात आलं नव्हतं.

ए-५०३: चौथी बॅकअप म्हणून असेल, एक तुटली तरी चालू राहावं. पण मग ती बी-डी घ्या, टाकीवरून नको

बी-६०४: माझ्या काळात असं कोटेशन पास झालं नसतं.

बी-३०४: आता मी आई. सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो, पण उद्या पेपर दाखवायचा शेवटचा दिवस आहे, तिने जाऊन नेमकं काय म्हणायचं?

ए-२०१ सर: ताई, भांडायचं नाही. शांतपणे सांगायचं की प्रश्नात आयगन व्हॅल्यू काढा एवढंच होतं, डिटरमिनंट उलगडून दाखवा असं नव्हतं. आणि कागदावर दोन ओळी लिहून न्यायच्या: कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमिअलचे कोएफिशंट हे आयगन व्हॅल्यूंचे एलिमेंटरी सिमेट्रिक फंक्शन असतात आणि तेच प्रिन्सिपल मायनरच्या बेरजांएवढे असतात, म्हणून एस वन ट्रेस, एस टू तीन मायनरची बेरीज. खाली ५+२०+२० लिहायचं. हे तिने पेपरातच लिहिलं असतं तर एक मार्क पण कापता आला नसता, आणि बी-६०४ चं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. आजपासून वर्गात प्रत्येकाने सूत्राआधी या दोन ओळी लिहायच्या, नाहीतर मी वही परत देणार नाही.

बी-६०४: धन्यवाद सर. हेच म्हणत होतो सकाळपासून.

सी-७०२: हे नव्हता म्हणत काका 🙂

बी-३०४: ओके सर. लिहून देते तिच्याकडून. ती विचारतेय की डिटरमिनंट शून्य आहे म्हणजे इनव्हर्स नाही, पण केली-हॅमिल्टनने (मॅट्रिक्स स्वतःच्याच समीकरणात बसते तो नियम) इनव्हर्स काढायचं गणित आलं तर तिथे पण हेच एस वन एस टू चालतील का

ए-२०१ सर: चालतील, तेच कोएफिशंट, फक्त लॅम्डाच्या जागी मॅट्रिक्स आणि शेवटच्या आकड्यापुढे आयडेंटिटी. डिटरमिनंट शून्य नसेल तर ए इनव्हर्सने गुणायचं आणि डिटरमिनंटने भागायचं. आज मीटिंगनंतर १ वाजता क्लब हाऊसमध्ये करू, येणाऱ्यांनी वही आणा.

सेक्रेटरी: सर १ ला क्लब हाऊस वाढदिवसासाठी बुक आहे डी-४०३ चं.

डी-१०१: टँकर आलाय, खाली कोणीतरी व्हॉल्व्ह उघडा

ए-२०१ सर: मग माझ्याकडे या सगळे. दार उघडं आहे.