मदत हवी आहे: लॅटिन शब्दांचं मराठीत काय करायचं?

नमस्कार मंडळी,
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी शरीरक्रियाशास्त्राच्या मराठी नोट्स लिहितेय आणि लॅटिनपाशी अडलेय.

अवयवांचं एक वेळ जमतं. हृदयाचे कप्पेच घ्या: वरचा एट्रियम म्हणजे रोमन घरातलं पुढचं दालन, खालचा व्हेंट्रिकल म्हणजे छोटं पोट. आपल्याकडे अलिंद आणि निलय आहेतच, आणि अलिंद म्हणजेही घराची ओसरी! मसल मूळच्या 'छोट्या उंदरा'वरून आला, हे सांगितलं की वर्ग हसतो आणि शब्द लक्षात राहतो.

खरी पंचाईत प्रयोगांच्या वर्णनात होते. 'इन व्हिट्रो' म्हणजे शब्दशः 'काचेत', 'इन व्हिवो' म्हणजे 'जिवंत शरीरात'. पण प्लॅस्टिकच्या ताटलीत पेशी वाढवल्या तर 'काचेत' कसं लिहू? 'शरीराबाहेर' लिहावं, तर शरीरातून काढून जिवंत ठेवलेल्या हृदयावरचा प्रयोगही त्यात बसतो, आणि त्याला 'एक्स व्हिवो' म्हणतात. उंदरांना अन्नपाणी 'अॅड लिबिटम' दिलं, हे मी 'हवं तेवढं' असं केलंय. 'पोटभर' लिहिलं होतं, पण ते अगदीच पंगतीतलं वाटलं.

अनेकवचनाचं काय करता? फुप्फुसातला हवेचा इवलासा फुगा घ्या: एक अल्व्हिओलस, अनेक अल्व्हिओलाय. मी सरळ 'वायुकोश' लिहून सुटले, पण परीक्षेत मूळ शब्दच येतो. मग पहिल्यांदा दोन्ही द्यावेत आणि पुढे मराठीच चालवावा का?

कोणी असं भाषांतर किंवा अध्यापन केलं असेल तर 'इन व्हिट्रो'साठी वापरलेला शब्द नक्की सांगा. 'परीक्षानलिकेत' नको, तो करून पाहिलाय.