हॅकमन फक्त संतापी नव्हता

अमेरिकन नट जीन हॅकमन प्रत्येक चित्रपटात तोच चिडका, दांडगा माणूस करायचा, असं एक मत ऐकायला मिळतं; मला ते अजिबात पटत नाही. 'फ्रेंच कनेक्शन' (१९७१) आणि 'अनफर्गिव्हन' (१९९२) या दोन ऑस्करवाल्या भूमिकाच डोळ्यांसमोर ठेवल्या तर तसं वाटणं साहजिक आहे. पण असं म्हणताना १९७४ चा 'द कॉन्व्हर्सेशन' विसरला जातो. त्यात तो चोरून संभाषणं टेप करणारा हॅरी कॉल आहे. अंगात कायम तो पातळ, पारदर्शक रेनकोट, पाऊस असो वा नसो. घरमालकीणबाईने वाढदिवसाची भेट कुलूपबंद घरात आणून ठेवली, तर आनंद राहिला बाजूला, तिच्याकडे किल्ली आलीच कशी या विचाराने हा हैराण! आवाज चढवत नाही, समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही. इतका अंग चोरून वावरणारा माणूस इतक्या धिप्पाड नटाने उभा केला, हे मला फार मोठं काम वाटतं.

आणि त्याच वर्षी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' या विनोदी चित्रपटातला आंधळा साधू. मोजून काही मिनिटांचं काम. पाहुण्या राक्षसाला प्रेमाने सूप वाढतो ते थेट त्याच्या मांडीवर, आणि सिगार समजून अंगठा पेटवतो. चेहऱ्यावर मात्र निव्वळ आतिथ्य. विनोद करतोय असं तो क्षणभरही दाखवत नाही, म्हणून तर हसू आवरत नाही. पॅसाडेना प्लेहाउस या नाट्यशाळेत शिकताना हॅकमनला आणि पुढे नट म्हणून गाजलेल्या डस्टिन हॉफमनला 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' ठरवलं होतं. 'बॉनी अँड क्लाइड'ने नाव झालं तेव्हा हॅकमन सदतीस वर्षांचा होता.