अहंकार सोडला की बीपी उतरतं? (चर्चा)

तळजाईचा_चालकरी

सहकारनगरात आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट कित्येक वर्षं अडलंय. बिल्डर तयार आहे, कागदपत्रं तयार आहेत. अडलंय ते चेअरमन आणि एका सभासदामुळे. चेअरमन भर जनरल बॉडीत त्यांना म्हणाले, "तुम्हाला यातलं काय कळतं?" तेव्हापासून चेअरमन जे मांडतील त्याला यांचा विरोध. दोघंही साठीपुढचे, दोघांनाही बीपीच्या गोळ्या. मीटिंगची नोटीस लागली की एकाची झोप उडते, दुसऱ्याचं पित्त खवळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. "मी म्हणतो तेच" हा हेका सोडला की मनाबरोबर शरीरही सुटतं. अपमान झाला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. समोर वाघ आला तरी हेच होतं. पण वाघ निघून जातो. अपमान माणूस रात्री अंथरुणात पुन्हा काढून बघतो आणि शरीर पुन्हा तेच सगळं करतं.

मतं येऊ द्या. प्रवचन नको.

गोळी_वेळेवर

अर्धं मान्य. १९५९ साली फ्रीडमन आणि रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या हृदयरोगतज्ज्ञांनी 'टाइप ए' स्वभावाची कल्पना मांडली. सतत घाई, चढाओढ, चिडचिड असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, असा दावा होता. प्रचंड गाजली. पुढच्या अभ्यासांत मात्र पूर्ण कल्पना टिकली नाही. जे थोडंफार उरलं ते त्यातल्या वैरभावाचं. म्हणजे तुमच्या दोघांना लागू पडतं, हे खरं.

पण गंमत अशी, की या संशोधनाला सिगरेट कंपन्यांनीही बरीच वर्षं पैसा पुरवला. दोष स्वभावावर ढकलला की धुराकडे कोण बघतो? आपल्याकडे त्या जागी पापड-लोणचं आणि रात्री बारापर्यंतचा मोबाइल ठेवा. नम्र जरूर व्हा, पण "आता मी शांत झालो" म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

कसब्यातली_सून

मला हा धागाच एकतर्फी वाटतो. "अहंकार सोड" हे आपल्याकडे कुणाला ऐकवलं जातं? सासऱ्यांना कुणी सांगितलेलं ऐकलंय?

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुष कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून अभ्यास झाला, मायकेल मार्मट यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगरेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरला. शिपायाला साहेबापेक्षा अहंकार जास्त होता का? १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात आपल्या कामावर आपलंच किती चालतं, हा मुद्दा पुढे आला. ज्याला कुणी विचारत नाही त्याला आणखी वाकायला सांगून त्याची तब्येत सुधारायची नाही.

याच शहरात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं, तरी त्या जात राहिल्या. त्यांनी नमतं घ्यायला हवं होतं, असं म्हणणारं आज कुणी आहे?

तळजाईचा_चालकरी

ताई, मी सुनेला सांगत नाहीये. चेअरमनला सांगतोय.

नाना_पेठ_जुने_रहिवासी

तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते तेव्हा येऊन बघा. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि ते पोर त्याच्या. दिवसभर चाल, पोटात जेमतेम भाकरी, तरी चेहरे बघा! अभ्यास कशाला हवा?

कसब्यातली_सून

काका, पालखी हडपसरला पोचायच्या आत आमच्या गल्लीत पार्किंगवरून भांडण सुरू झालेलं असतं.

खिडकीतली_खुर्ची

मी समुपदेशन करते. "मी सोडून दिलं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते नुसतं गिळलेलं असतं. स्टॅनफर्डच्या जेम्स ग्रॉस यांचं यावर बरंच काम आहे. भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या शरीरावर आतून जास्त ताण येतो. त्यांच्या गटाच्या २००३ मधल्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्यांना बोलायला बसवलं होतं. एकीने भाव दाबले तर समोरचीचाही रक्तदाब वाढला! तेव्हा तोंड आवळून "मला काही नाही" म्हणणारे घरात एकट्याचंच नुकसान करत नाहीत.

घटनेकडे वेगळ्या नजरेने बघता आलं तर एवढी किंमत मोजावी लागत नाही. "चेअरमनला बोलायची रीत नाही, पण मुद्दा रास्त आहे" असं त्या सभासदाला मनापासून म्हणता आलं, तर त्याला मी सोडणं म्हणेन. ते एका बैठकीत जमत नाही.

कसब्यातली_सून

म्हणजे नजर बदलायची तीही ऐकून घेणाऱ्यानेच. बोलणाऱ्याने माफी मागावी ना.

तळजाईचा_चालकरी

विचारलं होतं. म्हणाले, घरी जाऊन मागतो, जनरल बॉडीत नाही.

कसब्यातली_सून

अपमान चाळीस जणांसमोर, माफी चहा-पोह्यांवर. वा!

खिडकीतली_खुर्ची

तरी जाऊ द्या त्यांना. घरी जाणं हेही काहींना जन्मात जमत नाही.

गोळी_वेळेवर

अवांतर: मीटिंगहून आल्या आल्या मोजलेलं बीपी धरू नका. पाच मिनिटं शांत बसून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. सरासरी १३५/८५ च्या वर आली तर डॉक्टरांकडे जा, स्वभावाचं मग बघता येईल.