पावसाळ्यात वाकलेली किचन शटर्स

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): किचनच्या कपाटांना 19 मिमी प्लायची उंच शटर्स (दारं) आहेत. बाहेरून 1 मिमी सनमायका, आतून नुसता रंग. जुलैपासून वरचे-खालचे कोपरे बाहेर आलेत. बिजागऱ्या बदलून फायदा होईल का?

उत्तर 1: नाही. प्लायमध्ये पापुद्रे विषम संख्येत असतात, प्रत्येकाची रेषा शेजारच्याला आडवी; मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखी ओढ असते म्हणून फळी सरळ राहते. एकाच बाजूला सनमायका लावली की हा तोल जातो. रंगाची बाजू दमट हवेत फुगते, सनमायकाची फुगत नाही, म्हणून कोपरे बाहेर येतात. नवीन शटरला आतून 0.7 ते 0.8 मिमीचं लायनर (आतल्या बाजूची पातळ सनमायका) लावाच. दोन्ही शीट एकाच दिवशी चिकटवायच्या.

उत्तर 2: फेविकॉल दातेरी पट्टीने, कडांपर्यंत. 8 बाय 4 फुटी फळीच्या एका बाजूला साधारण 600 ग्रॅम. मग सपाट जागी रात्रभर दाबाखाली. कारागीर दोन तासांत काढतात, तिथेच पुढे फुगे येतात. कडेला एजबँड (कड झाकणारी पट्टी) हवाच; उघड्या कडेतून ओल सर्वांत आधी शिरते.

उत्तर 3 (कोपरखैरणे): सिंकखाली आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय घ्या. त्याचे नमुने 72 तास उकळून तपासतात. शिक्का मात्र फळीवरच बघा, बिलावर नव्हे.

प्रश्नकर्ता: जुन्यांना आता आतून लायनर लावलं तर?

उत्तर 1: आधी सुकू द्या. थोडा बाक असेल तर जमतं; जास्त असेल तर शटर नवीनच करा.